कॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसतो आणि खात नाही: काय तपासावे, कोणत्या क्रमाने

पुण्यात कॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाळणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून माझ्याकडे सर्वाधिक वेळा येणारी तक्रार एकच असते: तो दिवसा डोळे मिटून बसतो आणि खाणे सोडले आहे. ही अडचण एकदा दूर झाली म्हणजे कायमची गेली असे होत नाही. फेब्रुवारीत व्यवस्थित खाणारा प्राणी एप्रिलमध्ये डोळे मिटू लागतो, तो सावरला की जुलैमध्ये पुन्हा तेच सुरू होते, कारण पुण्याचा कोरडा उन्हाळा, ओला पावसाळा आणि थंड हिवाळा या तिन्ही ऋतूंत पिंजऱ्याची एकच मांडणी चालत नाही. बहुतेक वेळा प्राणी सुरुवातीला आजारी नसतो. पाणी, उष्णता किंवा प्रकाश यांपैकी काहीतरी चुकलेले असते. मात्र ती चूक लांबली की तो खरोखर आजारी पडतो, आणि तेव्हा घरच्या दुरुस्तीने भागत नाही. म्हणून पुढील तपासण्या विनाखर्चाच्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू करून क्रमाने कराव्यात, आणि एका वेळी एकच बदल करून दोन दिवस निरीक्षण करावे. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि या प्राण्याला पिंजऱ्यातील उलथापालथ मुळीच सोसत नाही.

आकडे मुख्यतः व्हेल्ड या जातीच्या कॅमेलिऑनचे दिले आहेत, कारण नवे पालक बहुधा तोच घेतात. पँथर या दुसऱ्या जातीसाठी जिथे फरक आहे तिथे तसे लिहिले आहे.

लक्षणे

पुढीलपैकी दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र दिसत असतील तर हे लेखन तुमच्यासाठी आहे.

- दिवे लागून तास-दोन तास झाल्यावरही एक किंवा दोन्ही डोळे मिटलेले राहतात, किंवा जवळ गेल्यावर उघडतात आणि लगेच पुन्हा मिटतात.
- शंकूसारखे बाहेर आलेले डोळे आत ओढल्यासारखे दिसतात.
- किड्याकडे पाहतो, निशाण धरतो, पण जीभ टाकत नाही. किंवा जीभ टाकतो आणि ती जेमतेम अर्ध्या वाटेवर पोहोचते.
- विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग, म्हणजे युरेट, गडद पिवळा किंवा नारिंगी झाला आहे.
- दिवसभर गडद, मळकट रंगात पिंजऱ्याच्या खालच्या भागात बसून राहतो.

दिवसा डोळे मिटणे हे लक्षण इतक्या गांभीर्याने घ्यायचे कारण असे की हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे दृष्टीवर जगतो. अन्न तो डोळ्यांनी शोधतो, शत्रूही डोळ्यांनीच ओळखतो, आणि अशक्तपणा लपवण्याची त्याची उपजत वृत्ती इतकी तीव्र असते की तो उघडपणे डोळे मिटून बसू लागतो तेव्हा त्रास बऱ्याच दिवसांपासून चाललेला असतो. याला एक अपवाद आहे. अंगावर पाण्याचा फवारा आल्यावर तो डोळा फुगवतो, गरगर फिरवतो आणि क्षणभर मिटतो. ती डोळा स्वच्छ करण्याची नेहमीची क्रिया असून त्यात काळजीचे काही नाही.

या स्थितीत तपासण्या करत बसू नये

उष्णतेच्या दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडे ठेवून, मान वर करून श्वास घेणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज येणे, तोंडात चिकट स्राव दिसणे, फांदी धरता न येणे किंवा वारंवार खाली पडणे, पाय वाकणे, जबडा मऊ किंवा सुजलेला लागणे, जीभ बाहेर राहून आत न जाणे, गुदद्वारातून मांसल भाग बाहेर येणे, भाजल्याची जखम. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे. दिवे आणि पाणी यांची दुरुस्ती त्यानंतरही करावी लागेल, पण आधी उपचार.

पहिली तपासणी: ही खरोखर अडचण आहे का?

पूर्ण वाढलेला व्हेल्ड कॅमेलिऑन रोज खात नाही. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड काही किडे त्याला पुरतात. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाची रोजची भूक पाहिलेल्या माणसाला वर्षाच्या प्राण्याचा हा संयम उपास वाटतो. कात टाकताना तो एक-दोन दिवस खात नाही. नव्या घरी आल्यावर आठवडा-दोन आठवडे माणसासमोर न खाणारे प्राणी पुष्कळ असतात. अशा वेळी किडे एका खोल, उभट वाटीत ठेवून खोलीतून बाहेर जावे आणि संध्याकाळी वाटी पाहावी.

अंदाजावर विसंबू नये यासाठी प्राण्याचे वजन करावे. स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा पुरतो. काट्यावर लहान फांदी किंवा काठी ठेवून तिचे वजन शून्य करावे, प्राण्याला स्वतःहून तिच्यावर चढू द्यावे, आणि आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, वहीत नोंद करावी. पूर्ण वाढलेला प्राणी खात नसला पण वजन स्थिर असले, डोळे उघडे असले आणि युरेट पांढरे असले तर धीर धरता येतो. पिल्लाच्या बाबतीत हा धीर धरू नये. त्याने दोन दिवस काही खाल्ले नाही तर तो इशारा समजावा.

दुसरी तपासणी: मादी आहे का?

ही तपासणी विनाखर्चाची आहे, आणि ती वगळल्यामुळे माद्या दगावतात, म्हणून ती इतक्या वर ठेवली आहे. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासूनच एक छोटा उंचवटा असतो. मादीला तो नसतो. विकणाऱ्याने नर म्हणून सांगितले असले तरी स्वतः पाहावे.

व्हेल्ड मादी नराशी कधीही संबंध न येता निष्फळ अंडी घालू शकते, आणि हे वयाच्या पाच-सहा महिन्यांपासून सुरू होऊ शकते. अंडी घालण्याच्या आधी ती खाणे कमी करते किंवा सोडते, पोट गाठीगाठींचे आणि जड दिसते, आणि नेहमी उंचावर बसणारी मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालू लागते. तिला खणण्यासाठी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते. हा प्रकार जीवघेणा आहे.

उपाय स्वस्त आहे. सुमारे ३० सेंटिमीटर खोल बादली किंवा कुंडी घ्यावी, तिच्यात धुतलेली वाळू आणि खत न घातलेली माती मिसळून भरावी, आणि बोटाने बोगदा केला तर तो ढासळणार नाही इतपत ओली ठेवावी. पिंजऱ्याच्या त्या भागावर कापड टाकून आडोसा करावा आणि डोकावणे थांबवावे, कारण कोणी पाहते आहे असे वाटले की ती खणणे सोडून देते. मादीच्या पिंजऱ्यात अशी जागा बारा महिने असावी. ती खणून-खणून थकली, अंडी आली नाहीत आणि डोळे मिटू लागले, तर वाट पाहू नये. हे पशुवैद्याचे काम आहे.

तिसरी तपासणी: त्याला काय दिसते आणि तो कोणत्या हवेत श्वास घेतो?

पिंजऱ्यासमोर उभे राहून प्राण्याच्या जागेवरून खोलीकडे पाहावे. आरसा, काचेतील स्वतःचे प्रतिबिंब, समोरच्या पिंजऱ्यातील दुसरा कॅमेलिऑन, घरातील मांजर, गॅलरीच्या कठड्यावर येणारे कावळे, डोक्यावर फिरणारा पंखा यांपैकी काहीही त्याला दिवसभर धोक्यासारखे भासू शकते. पिंजरा जमिनीवर असेल तर टेबलावर घ्यावा, म्हणजे तो माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच बसू शकेल. पिंजऱ्यात पाने कमी असतील तर वाढवावीत. मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा ही झाडे चालतात आणि सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत सहज मिळतात. आणल्यावर पाने नीट धुवावीत आणि झाड काही आठवडे बाहेर ठेवून मगच पिंजऱ्यात घालावे, कारण रोपवाटिकेत कीटकनाशके फवारलेली असतात आणि व्हेल्ड कॅमेलिऑन पाने खातो. कण्हेर आणि डिफेनबाकिया आणू नयेत. ती विषारी आहेत.

त्याच खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशिन, धूप किंवा उदबत्ती लावली जात असेल तर ती बंद करावी. पावसाळ्यात डेंग्यूसाठी सोसायटीत धूरफवारणी होते तेव्हा खिडक्या आधीच लावून घ्याव्यात, आणि घरात पेस्ट कंट्रोल होणार असेल तर प्राणी आणि त्याचे किडे दोन्ही त्या काळात दुसऱ्या घरी हलवावेत.

चौथी तपासणी: पाणी

माझ्या पाहण्यातील बहुतेक तक्रारी येथे सुटतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये.

कॅमेलिऑन सहसा भांड्यातील स्थिर पाणी पीत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. पाण्याची वाटी भरलेली आहे आणि प्राणी तहानलेला आहे अशी स्थिती त्यामुळे सर्रास दिसते. व्हेल्ड कॅमेलिऑन मूळचा येमेनचा पश्चिम भाग आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग येथला आहे. तेथे दिवस कोरडे असले तरी रात्रीचे दव आणि धुके पानांवर पाणी आणते. आपल्याला हाच क्रम घरात साधायचा आहे: रात्र आणि पहाट ओलसर, दिवस कोरडा.

सकाळी दिवे लागण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवे मालवल्यानंतर दोन-दोन मिनिटे बारीक फवारा मारावा. हातपंपाची बाटली यासाठी पुरेशी आहे. दुपारी ड्रिपर लावावा; बारीक छिद्र पाडलेला प्लास्टिकचा डबा पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवला आणि खाली पाणी साठवायला भांडे ठेवले तरी ड्रिपर तयार होतो. पंधरा-वीस मिनिटे थेंब पडत राहिले की तहानलेला प्राणी हळूहळू पानाजवळ येतो आणि बराच वेळ पितो. त्या वेळी खोलीत हालचाल नसावी.

पाणी कोणते वापरता हेही पाहावे. वाघोली, वाकड यांसारख्या भागांत अनेक सोसायट्या बोअरवेल किंवा टँकरवर चालतात आणि ते पाणी जड असते. त्याचे पांढरे क्षार पानांवर साचतात आणि मिस्टरचे (पंपावर चालणाऱ्या फवारा यंत्राचे) नोझल बंद होते. पंपाचा आवाज येत राहतो, त्यामुळे फवारा होतो आहे अशी आपली समजूत राहते, आणि प्रत्यक्षात पिंजऱ्यात जेमतेम काही थेंब पडतात. महिन्यातून एकदा नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावे, स्वच्छ धुवावे आणि फवारा समोर उभे राहून पाहावा. घरात आरओ असेल तर त्याचे पाणी फवाऱ्यासाठी उत्तम.

ऋतूप्रमाणे फवाऱ्यात बदल करावा लागतो. मार्च ते मे या काळात पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की जाळीच्या पिंजऱ्यातील पाने काही मिनिटांत वाळतात. तेव्हा ड्रिपर दोनदा लावावा आणि पिंजऱ्याच्या मागच्या व एका बाजूला प्लास्टिकची शीट लावून ओलावा धरावा. जून ते सप्टेंबरमध्ये याच्या उलट करावे. त्या महिन्यांत उन्हाळ्यातील वेळापत्रक चालू राहिले तर पिंजरा दिवसभर ओला राहतो, बुरशी धरते आणि फुफ्फुसांचा संसर्ग होण्याची भीती वाढते. पावसाळ्यात शीट काढावी, फवारा कमी करावा, आणि दुपारपर्यंत प्रत्येक पान कोरडे झाले आहे याची खात्री करावी. फॉगर (धुके सोडणारे यंत्र) वापरणाऱ्यांनी तो रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास उतरते तेव्हाच लावावा. उबदार आणि दमट हवा एकत्र आली की जंतू वाढतात.

पाण्याच्या दुरुस्तीचा परिणाम युरेटमध्ये लवकर दिसतो. दोन-तीन दिवसांत नारिंगी रंग फिकट होऊन पांढऱ्याकडे जाऊ लागला तर दिशा बरोबर आहे. पाणी पिचकारीने तोंडात घालू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशी असते आणि जबरदस्तीने घातलेले पाणी फुफ्फुसात जाऊ शकते. कोमट पाण्यात बसवण्याचा सल्ला इतर सरड्यांसाठी दिला जातो. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याला त्याचा फायदा कमी आणि धसका जास्त.

पाचवी तपासणी: तापमान, आर्द्रता आणि टायमर

येथून थोडा खर्च सुरू होतो. पिंजऱ्यावर चिकटवायचे गोल काट्याचे मापक बहुधा चुकीचे आकडे दाखवते. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर आणि डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत ही उपकरणे काही शे रुपयांत मिळतात. प्रोब हवेत न लोंबकळता, प्राणी ज्या फांदीवर ऊन खात बसतो त्या फांदीवर, त्याच्या पाठीच्या उंचीवर बांधावा.

व्हेल्ड नराला त्या फांदीवर साधारण ३२ अंश सेल्सिअस पुरतात. मादी आणि पिल्ले यांच्यासाठी ते २७ ते २९ च्या दरम्यान असावे, आणि पँथरसाठी ३० च्या आसपास. पिंजऱ्याचा खालचा भाग २३ ते २६ अंशांचा असावा, म्हणजे प्राण्याला गरम झाल्यावर उतरून जायला जागा राहते. दिवसाची आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी आणि रात्री ती ७५ टक्क्यांच्या वर जावी.

हे आकडे महत्त्वाचे असण्याचे कारण पचनात आहे. कॅमेलिऑन शरीराची उष्णता स्वतः निर्माण करत नाही. फांदी थंड राहिली तर पोटातील किडा पचत नाही, भूक लागत नाही आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. जीभ फेकण्याची ताकदही पाणी, उष्णता आणि कॅल्शियम या तिन्हींवर अवलंबून असते. उलट फार तापले तर तो तोंड उघडतो, फिकट पडतो आणि पानांत लपून डोळे मिटतो.

एप्रिल-मेमध्ये पुण्यातील वरच्या मजल्यावरच्या खोलीचे तापमानच दुपारी ३४-३५ अंशांवर जाते. अशा दिवसांत बास्किंगचा (ऊब देणारा) बल्ब सकाळी तास-दोन तास लावून बंद करावा, यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब मात्र चालू ठेवावी, कारण तिची उष्णता थोडी असते आणि प्रकाशाची गरज उन्हाळ्यात संपत नाही. कूलर लावायचा असेल तर त्याचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. एसी लावल्यास खोलीची आर्द्रता खाली येते, म्हणून आकडा पुन्हा पाहावा. हिवाळ्यात लोक उलट बाजूने घाबरतात आणि रात्री लाल बल्ब लावतात. त्याची गरज नसते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात बाहेरचा पारा १० अंशांच्या खाली गेला तरी बंद फ्लॅटमध्ये तो सहसा १५ ते २० च्या आसपास राहतो, आणि निरोगी, मोठ्या व्हेल्डला रात्रीचा हा गारवा हितकारक असतो. रात्री कोणत्याही रंगाचा प्रकाश असला तर त्याची झोप मोडते, आणि रात्री न झोपलेला प्राणी दिवसा डोळे मिटतो.

याच कारणाने टायमर पाहावा. खुंट्यांचा, विजेवर फिरणारा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आली की तेथूनच पुढे चालू लागतो. पावसाळ्यात अशी खंडित वीज आठवडाभर सोसल्यावर दिवे दोन-तीन तास उशिरा लागतात आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. घरातील माणसे त्या खोलीत झोपत नसतील तर हे कित्येक दिवस लक्षातही येत नाही. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा आणि १२ तास प्रकाश, १२ तास पूर्ण अंधार ठेवावा.

सहावी तपासणी: यूव्हीबी

हा टप्पा महाग आहे, आणि येथली चूक सर्वांत उशिरा दिसते. अतिनील किरणांतील यूव्हीबी भाग त्वचेवर पडला की शरीर जीवनसत्त्व डी-३ तयार करते, आणि त्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. यूव्हीबी कमी पडले तर महिने-दोन महिने वरवर काही दिसत नाही, मग जीभ अपुरी पडू लागते, पकड सैल होते आणि अखेरीस हाडे वाकतात.

पिंजऱ्याच्या रुंदीइतकी लांब टी-५ एचओ (बारीक, जास्त तेजाची) यूव्हीबी ट्यूब, खोक्यावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेली, जाळीच्या छतावर ठेवावी आणि प्राण्याची पाठ तिच्यापासून २० ते २५ सेंटिमीटरवर येईल अशी फांदी बांधावी. वाटोळ्या सीएफएलसारखा यूव्हीबी बल्ब या प्राण्याला पुरत नाही, कारण त्याचा झोत फारच लहान जागेत पडतो. खोक्यावर ‘डे लाइट’ किंवा ‘फुल स्पेक्ट्रम’ एवढेच लिहिलेल्या दिव्यातून यूव्हीबी मिळेल असे गृहीत धरू नये. ट्यूबवर बसवल्याची तारीख मार्करने लिहावी. वर्षभरात, आणि काही ट्यूबच्या बाबतीत त्याआधीच, यूव्हीबी घटते, दिसणारा उजेड मात्र तसाच राहतो. त्यामुळे ट्यूब पेटते आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या पालकाकडे यूव्ही इंडेक्स मोजणारे मीटर असेल तर मागून आणावे. फांदीवर ३ च्या आसपास आकडा आला पाहिजे.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ उरत नाही, म्हणून बंद स्लायडिंगमागे पिंजरा ठेवून उपयोग नाही. मात्र पुण्यात सकाळचे मोकळे ऊन फुकट मिळते आणि कोणत्याही ट्यूबपेक्षा चांगले असते. आठ ते साडेनऊच्या दरम्यान वीस-तीस मिनिटे, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग पानांच्या सावलीत ठेवून, शेजारी बसून राहावे. काचेच्या पेटीत ठेवून उन्हात कधीही ठेवू नये. आतले तापमान काही मिनिटांत जीवघेणे होते.

सातवी तपासणी: किडे आणि पावडर

येथला बदल दिसायला आठवडे लागतात, म्हणून हा टप्पा शेवटी आहे. प्राण्याला त्याची गरज मात्र पहिल्या दिवसापासून असते. किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. फक्त सुपरवर्मवर (मोठ्या अळ्यांवर) वाढवलेला प्राणी काही काळाने त्यांना कंटाळतो. क्रिकेट, डुबिया झुरळे, रेशमाच्या अळ्या अशी अदलाबदल केली की पुष्कळ वेळा तेवढ्यानेच भूक परत येते. घरातील झुरळे आणि शेतातील नाकतोडे देऊ नयेत. त्यांच्या पोटात जेल किंवा फवारणीचे औषध असू शकते, शिवाय जंतही येतात. किड्यांना देण्याआधी एक दिवस शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खायला घालावा. न खाल्लेले क्रिकेट रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नयेत, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात.

बहुतेक किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असते, म्हणून प्रत्येक खाण्यावर डी-३ व फॉस्फरस दोन्ही नसलेली कॅल्शियम पावडर हलकी भुरभुरावी, आणि महिन्यातून दोनदा डी-३ व जीवनसत्त्व अ असलेली मल्टिव्हिटॅमिन पावडर. ‘अ’ कमी पडले तर डोळ्यांभोवती सूज येते आणि ते उघडत नाहीत; पण ‘अ’ आणि डी-३ दोन्ही शरीरात साठत असल्याने त्यांचा अतिरेकही घातक ठरतो. औषधाच्या दुकानात मिळणारी माणसांची डी-३ सॅशे किंवा थेंब कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नयेत. तसेच माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नयेत; त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते, आणि डोळ्यात जखम किंवा संसर्ग असेल तर त्याने तो बळावतो. हळद, मध, तुळशीचा रस यांनीही येथे काही साधत नाही.

कधी थांबावे

वरील दुरुस्त्या करूनही तीन दिवसांत डोळे उघडे राहू लागले नाहीत, किंवा पूर्ण वाढलेल्या प्राण्याने आठवडाभर काही खाल्ले नाही, किंवा वजन दहा टक्क्यांनी उतरले, तर घरातील प्रयोग थांबवावेत. पिल्लासाठी दोन दिवस ही मर्यादा आहे. एकाच डोळ्याला सूज असेल तर तेवढीही वाट पाहू नये, कारण तेथे संसर्ग किंवा डोळ्यात अडकलेला कण असण्याची शक्यता अधिक असते आणि तो काढणे पालकाचे काम नाही. जंत, हाडांचा ऱ्हास, मूत्रपिंडाचा त्रास, फुफ्फुसाचा संसर्ग आणि अडकलेली अंडी यांचे बाहेरून दिसणारे रूप सारखेच असते. विष्ठा तपासणी, एक्स-रे आणि रक्त तपासणी यांशिवाय त्यांतील फरक कळत नाही.

कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर सरीसृप पाहतोच असे नाही. फोनवर आधी स्पष्ट विचारावे की कॅमेलिऑनवर त्यांनी उपचार केले आहेत का. हा शोध प्राणी निरोगी असतानाच करून ठेवावा.

कागदपत्रांचाही प्रश्न येतो. व्हेल्ड आणि पँथर हे दोन्ही साइट्स (वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) याच्या परिशिष्ट २ मधील प्राणी आहेत, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करणे पालकाला बंधनकारक आहे. ती केली नसेल तर करून घ्यावी. आणि तुमच्याकडचा प्राणी टेकडीवर किंवा शेताच्या बांधावर सापडलेला असेल, तर तो आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतातील जंगली कॅमेलिऑन आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला संरक्षण देतो आणि त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे. तो अशक्त दिसत असला तरी स्वतः उपचार न करता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पशुवैद्याकडे जाताना लहान, हवेशीर खोक्यात आडवी काठी बसवावी, म्हणजे त्याला धरायला आधार मिळतो, आणि वर सुती कापड टाकावे. मे महिन्याच्या दुपारी दुचाकीवरून नेऊ नये; सकाळची वेळ घ्यावी. सोबत २४ तासांच्या आतली विष्ठा घट्ट झाकणाच्या डबीत, वजनाची वही, पिंजऱ्याचा संपूर्ण फोटो, ट्यूबची तारीख, पावडरींच्या डब्यांचे फोटो आणि फांदीवरील तापमानाचा आकडा न्यावा. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात. जंतांचे औषध दिले गेले तर त्या काळात प्राण्याला पाणी अधिक लागते, म्हणून ड्रिपर रोज लावावा, फांद्या गरम पाण्याने धुवाव्यात, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी विष्ठा पुन्हा तपासून घ्यावी, मग तोपर्यंत तो पूर्ववत खाऊ लागला असला तरी.